लाल रस्त्याबाबतचे सात अर्ज मागे घेण्याविषयी

॥ श्री ॥

प्रति,
मेहेरबान वाढीव गावठाण अंमलदार साहेब,
वाढीव गावठाण कचेरी, मुक्काम बंगला,
जिल्हा पश्चिम खानदेश.

अर्जदार : हिलाल दोधू बागूल, वय वर्षे २९, धंदा सरकी काढण्याच्या जिनात कापसाचा काटा (वजन) करणे, राहणार प्लॉट नंबर ११, वाढीव गावठाण, मौजे कोरटखेडे.

विषय : लाल रस्त्याबाबत केलेले सात अर्ज मागे घेणे, व त्यातून उद्भवलेली एक घरगुती गोष्ट हुजुरांचे कानावर घालणे.

संदर्भ : (अ) हुजूर कचेरीची चिठ्ठी, ता. २० जानेवारी १९३८ (शाई ओली असल्याबद्दल).
(ब) हुजूर कचेरीचा हुकूम, ता. ३ फेब्रुवारी १९३८ (मिरची ओली असल्याबद्दल).

महोदय,

१. वर लिहिलेल्या अर्जदाराने गेल्या मार्चपासून हुजूर कचेरीत सात अर्ज केले. ते सातही अर्ज अर्जदार या आठव्या अर्जाने राजीखुशीने मागे घेत आहे. ज्या कामासाठी ते केले होते ते काम शनिवार ता. ५ रोजी सकाळी साडेआठ वाजता, कोणत्याही खात्याची मदत न लागता, संपले. अर्ज मागे घेताना तो मुळात का केला होता हे लिहावे लागते, असे कचेरीतील शिरस्तेदार म्हणाले. सबब पुढील मजकूर. हुजुरांस वेळ नसल्यास कलम ९ पासून वाचले तरी चालेल. तेथून पुढचा मजकूर हुजुरांच्या घरचा आहे.

२. अर्जदाराची बायको धनुबाई, वय वर्षे २४, माहेर सारंगखेडे, हिला दम्याचा विकार होता. जुन्या गावात अर्जदाराचे घर भडभुंज्याच्या भट्टीला लागून होते. त्याच सुमारास हुजुरांचा जाहीरनामा चावडीवर लागला. त्यात नवीन वसाहतीत 'मोकळी हवा, तीस फूट रुंद पक्का रस्ता, दमेकऱ्यांस विशेष हितकर' असे शब्द होते. अर्जदारास वाचता येते, हा त्याचा पहिला दोष. त्याने ते धनुबाईस मोठ्याने वाचून दाखविले, हा दुसरा. ती म्हणाली, "तीस फूट? इतला रुंद रस्तावर काय घोडा नाचाडाना शेत का?" तरीपण तिला ते आवडले. तिचे बालपण सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत गेलेले. दारासमोर रस्ता असावा आणि त्या रस्त्यावर माहेराहून आलेली गाडी थेट उंबऱ्यापाशी उभी राहावी, एवढे एकच तिचे मागणे होते. ही गोष्ट हुजुरांनी कृपा करून ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

३. मे १९३६ मध्ये बारा प्लॉटांचे वाटप झाले. सनदेतील नवव्या शर्तीप्रमाणे प्रत्येकाने घराचे दार पुढील मंजूर रस्त्यावरच काढावयाचे होते. मागे दार, खिडकी, मोरी, काहीही ठेवण्यास मनाई होती. बाराही घरांनी शर्त पाळली. घरे उभी राहिली, दारे पुढे झाली, दारांपुढे रस्ता मात्र नव्हता. मग तोरणमाळकडचा उदेसिंग पावरा आणि त्याची वीस माणसे आली. त्यांनी पंधरा दिवसांत माती खोदून, चोपून, रूळ फिरवून जागा अशी सपाट केली की तीवर बाटली आडवी ठेवली तर गडगडू नये. तीवर आता फक्त मुरूम टाकावयाचा राहिला.

४. मुरूम आणणारे गाडीवान मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेस गेले. तेथे त्यांनी बैल दिले आणि घोड्या घेतल्या. घोडी मुरूम ओढीत नाही, ती नाचते. गाडीवानांना याची कल्पना यात्रेतच यावयास हवी होती, पण तेथे ढोलके वाजत होते. परत आल्यावर त्यांनी एक दिवस घोडीला मुरमाच्या गाडीस जुंपून पाहिली. ती दोन पायांवर उभी राहिली, लोकांनी टाळ्या वाजविल्या, आणि वसाहतीच्या रस्त्याचे काम त्या दिवसापासून बंद पडले ते आजतागायत बंद आहे.

५. सपाट, उंच, उन्हातली व कोणाच्याही कामाची नसलेली तीनशे हात लांब जागा पाहून कोरटखेड्याचे मिरचीचे व्यापारी रतिलाल प्रेमचंद यांचे मन द्रवले. जानेवारी १९३७ मध्ये त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल मिरची वाळत घातली. मधे एक पायवाट ठेवली, ती एक फूट रुंद. शेठजी स्वभावाने गोड. रोज सकाळी येऊन काठीने मिरची परतवीत आणि प्रत्येक दारात विचारीत, "काय भाऊ, त्रास तर नही ना?" मिरची परतताना जी पूड उडते तिने दारातील माणसास उत्तर देता येत नसे. शेठजी तेवढ्यावर समाधान मानून पुढल्या दारी जात.

६. फेब्रुवारीत हुजूर स्वतः रस्ता तपासण्यास आले. उन्हे कलली होती. हुजुरांची मोटार वसाहतीच्या तोंडाशी ओढ्यावर जी मोरी आहे तिच्यापाशी थांबली. वसाहतीतील बाराही घरधनी हार घेऊन उभे होते. अर्जदाराच्या हातातील हार झेंडूचा होता. हुजुरांनी मोटारीतूनच लांबवर पाहिले. रस्ता लाल दिसला, सपाट दिसला, तीस फूट रुंद दिसला. हुजूर म्हणाले, "वा! मुरूम उत्तम पडला आहे. काम समाधानकारक आहे ना?" त्याच वेळी वारा फिरला. बाराही जणांस एकदम शिंक आली आणि बाराही माना एकदम खाली गेल्या. हुजुरांनी लिहून घेतले : 'रहिवाशांनी एकमताने मान डोलावली. रस्ता पूर्ण.' उदेसिंग तेथे आपली टिकाव-पावडी नेण्यास आला होता. त्याने पुढे होऊन सांगितले की साहेब, ही मिरची आहे, मी फक्त जागा केली, रस्ता केला नाही. त्याची जबानी घेण्यात आली नाही. ज्याच्या गावी रस्ताच नाही त्यास रस्त्याची पारख कशी असणार, असे हुजूर हसून म्हणाले. बाराही जण हसले. अर्जदारही हसला. त्या हसण्याबद्दल अर्जदारास आता वाईट वाटते, परंतु ते मागे घेण्याचा नमुना कचेरीत मिळाला नाही.

७. यानंतरचे पाच अर्ज व त्यांची उत्तरे थोडक्यात अशी :

पहिला अर्ज, रस्त्यावर पडले आहे ते मुरूम नसून मिरची आहे. उत्तर : मुरूम लालच असतो.

दुसरा अर्ज, पावसाळ्यात. आता मिरचीही नाही, गुडघाभर चिखल आहे. उत्तर : पूर्ण झालेल्या रस्त्यावर चिखल होणे हे पावसाचे काम आहे, या खात्याचे नव्हे.

तिसरा अर्ज, मागील भिंतीस एक दार काढू द्यावे, बायकोस हवा लागेल. उत्तर : पुढे पक्का रस्ता असताना मागून दार मागणे हे संशयास्पद आहे. सबब अर्जदाराच्या मागील भिंतीवर पोलीस पाटलांनी नजर ठेवावी. पोलीस पाटील पंधरा दिवस नजर ठेवून होते. भिंत जागची हलली नाही असा त्यांनी अहवाल दिला.

चौथा अर्ज, जानेवारी १९३८. मिरची पुन्हा पसरली आहे, या साली दुप्पट. यास उत्तर आले नाही.

पाचवा अर्ज, धनुबाईस उठून बसल्याखेरीज श्वास येईना तेव्हाचा. अर्जदाराने तळोद्याहून डॉक्टर आणले. त्यांचा टांगा मोरीपाशी थांबला, कारण घोड्याने मिरचीत पाय टाकण्यास नकार दिला. डॉक्टर पायवाटेने निघाले, चौथ्या घरापर्यंत आले, सतरा वेळा शिंकले आणि तेथूनच अर्जदारास ओरडून सांगते झाले की रोग्यास येथून ताबडतोब हलवा. फी न घेता परत गेले. अर्जदाराच्या माहितीत असे प्रथमच घडले. अर्जदाराने लिहिले की खाट नेण्यापुरती, म्हणजे चार माणसे चालतील एवढी, मिरची बाजूस करण्याचा हुकूम व्हावा. उत्तर : रस्ता पूर्ण आहे, पूर्ण रस्त्यावरून खाट नेण्यास कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही. हे उत्तर घेऊन अर्जदार शेठजींकडे गेला. शेठजींनी ते दोनदा वाचले, डोक्यास लावले आणि म्हणाले, "साहेबना हुकूम मन्हा डोकावर. पन यामा रस्ता लिखेल शे, मिरची कोठे लिखेल शे? मिरचीवर पाय देवाना हुकूम लई ये, मी सोता गालिचा अंथरस."

८. म्हणून सहावा अर्ज, मिरचीवर पाय देण्याचा हुकूम मिळावा असा. हा लिहिण्यास एक दिवस लागला आणि देण्यास नऊ. त्याच आठवड्यात प्लॉट चारमधील नर्मदाबाईंचे सासरे वारले होते. हुजूर सोवळ्याओवळ्याचे कडक. घरी चिरंजीवांच्या मुंजीची तयारी चालू. अर्जदार बंगल्यावर गेला तेव्हा हुजुरांनी दुरूनच थांबविले व संदर्भ (अ) ची चिठ्ठी पाठविली. तीतील मजकूर : 'सुतकी वस्तीतील कागद. शाई ओली आहे. कोरड्या जिनसास सुतक बाधत नाही, ओल्यास बाधते. सुतक फिटल्यावर आणावा.' अर्जदाराने कागद उन्हात धरला, फुंकर घातली, शर्टाच्या बाहीने टिपला. पट्टेवाल्याने काडीने उचलून पाहिला आणि म्हणाला, अजून ओला वाटतो. अर्जदार परत आला. खाट हलविणे नऊ दिवस लांबले. त्या नऊ दिवसांत धनुबाई बसूनच होती. झोप बसून, जेवण बसून, बोलणे बसून. बोलणे मात्र कमी झाले नाही. शेजारच्या मंगलाबाई समाचारास आल्या आणि डोळे पुसू लागल्या तेव्हा ती म्हणाली, "रडू नको वं माय. हाई तुन्हं रडनं शे का मिरचीनं, काय ठाऊक. मी मरसू तवय रडाले कोनी नही ऊनं तरी चाली. मिरची शे ना." आणि अर्जदारास म्हणाली, "तुमना हुकूम पहिले येस का मन्हं मरन पहिले येस, ते दखूत." अर्जदाराने तिला शब्द दिला की हुकूम पहिले येईल. तिने विचारले, हा कितवा शब्द? अर्जदार म्हणाला, सहावा. ती म्हणाली, "मंग सातवाबी दी ठेवा, काम पडी."

सुतक फिटल्यावर सहावा अर्ज कचेरीने घेतला, त्यास उत्तर आले नाही. म्हणून सातवा शब्द दिला आणि सातवा अर्जही दिला, ता. २ फेब्रुवारी. हुजुरांनी या वेळी त्वरा केली. दुसऱ्याच दिवशी संदर्भ (ब) चा हुकूम आला. हुकूम असा : 'रस्त्यावरील लाल पदार्थाची चौकशी केली. सदर पदार्थ मिरची असल्याचे व ती ओली असल्याचे मालक रतिलाल प्रेमचंद यांनी सांगितले. खातरजमा झाली. ओली मिरची हलविल्यास नासते. सबब पुढील हुकूम होईपर्यंत मिरची ओली समजावी व कोणी हलवू नये. रस्ता पूर्ण असल्याची नोंद कायम.' अर्जदाराने हा हुकूम धनुबाईस वाचून दाखविला. वाचता येण्याचा दोष त्यास शेवटपर्यंत नडला. ती खूप हसली. दमेकऱ्यास हसणे वाईट. ता. ५ रोजी सकाळी साडेआठ वाजता ती गेली. हुकूम पहिले आला होता, हे अर्जदाराने तिला सांगावयास हवे होते. अर्जदाराने शब्द पाळला असे आता म्हणता येईल.

९. येथून पुढील मजकूर हुजुरांनी लक्षपूर्वक वाचावा.

धनुबाई सवाशीण गेली. तिला हिरवा चुडा भरला, मळवट भरला. तिरडी चौघांनी उचलली : अर्जदाराचे दोन चुलत भाऊ, एक मेहुणा व उदेसिंग पावरा. उदेसिंग बातमी ऐकून आठ कोस चालत आला होता. त्याला कोणी बोलाविले नव्हते. एक फुटाच्या पायवाटेने तिरडी जात नाही, हे हुजुरांच्याही लक्षात येईल. शेठजी हात जोडून उभे होते. डोळ्यांत पाणी होते. ते म्हणाले, "ली जा भाऊ, ली जा. मरन कोनले चुकनं नही. फक्त कडेकडेथीन ली जा." चार माणसे व एक तिरडी कडेकडेने जाऊ शकत नाहीत. ती मधून गेली. मागोमाग ऐंशी माणसे अनवाणी गेली. अर्जदार पुढे मडके घेऊन होता. मडक्याचा धूर, पायांखाली चिरडलेली मिरची आणि समोरचा वारा. कोरटखेड्यात आजवर एवढे रडणे झालेले नाही. पाटील रडले. पोलीस पाटील रडले. ज्या सासूने धनुबाईशी सहा वर्षे नीट बोलणे ठेवले नव्हते तिने तर मोरीपर्यंत हंबरडा फोडला. शेठजी सर्वांत जास्त रडले, कारण ते खाली वाकून फुटलेली मिरची पाहत होते. माहेरची माणसे म्हणाली, पोरीने सासरी नाव कमावले. अर्जदार रडला की नाही हे त्यास स्वतःस सांगता येत नाही. तिने म्हटल्याप्रमाणे ते मिरचीचेही असू शकेल. तिरडीवरून लाह्या व कुंकू उधळले जात होते. ज्वारीच्या लाह्या. त्या मिरचीत पडल्या.

१०. दुसऱ्या दिवशी रविवारी शेठजींनी मिरची गोळा केली. फुटलेली मिरची बाजारात जात नाही. ती भेट म्हणून जाते. एक पोते भरून हुजुरांच्या बंगल्यावर पोचले. मंगळवारी ता. ८ रोजी चिरंजीवांची मुंज लागली. दोनशे पान उठले असे ऐकतो. अर्जदाराचे मनःपूर्वक आशीर्वाद. बंगल्यावर वाटण-कांडण करण्यास आमच्या वसाहतीतील, प्लॉट बारामधील सुंदरबाई जातात. त्यांनी सांगितले की पोते उघडले तेव्हा मिरचीत लाह्या निघाल्या. आचाऱ्याने विचारले, या कशाच्या? वहिनीसाहेब म्हणाल्या, शेठजी शकुनाच्या घालून पाठवीत असतील, राहू द्या. लाह्या मिरचीबरोबरच वाटल्या गेल्या. आमटी फार चांगली झाली होती, सगळ्यांनी दोनदा घेतली, असे सुंदरबाई म्हणाल्या. मग त्या खाली बसल्या आणि पदराची गाठ सोडून त्यांनी चार लाह्या व तीन मिरच्या अर्जदारापुढे ठेवल्या.

११. अर्जदार कायद्याचा माणूस नाही, काट्याचा आहे. एका पारड्यात एक, दुसऱ्यात दुसरे, काटा जिकडे झुकेल तिकडे बघावयाचे, एवढेच त्यास येते. हुजुरांच्या चिठ्ठीप्रमाणे ओल्या जिनसास सुतक बाधते. हुजुरांच्या हुकुमाप्रमाणे पुढील हुकूम होईपर्यंत मिरची ओली आहे. पुढील हुकूम अर्जदाराने कचेरीत जाऊन तपासला, झालेला नाही. धनुबाई त्या मिरचीवरून गेली. ती मिरची हुजुरांनी, वहिनीसाहेबांनी, बटूने व दोनशे पाहुण्यांनी सेवन केली. सबब हुजूर सहकुटुंब धनुबाईच्या सुतकात आहेत. यात अर्जदाराचा एकही शब्द नाही. दोन्ही कागद हुजुरांच्या सहीचे आहेत. सुतकात लागलेली मुंज लागली की नाही, ती पुन्हा लावावयाची तर त्या दोनशे पाहुण्यांस पुन्हा बोलवावे किंवा कसे, हे हुजूर जाणतात. अर्जदार सुतकात असल्याने त्यास त्यावर मत देता येत नाही. आपण दोघेही सुतकात असल्याने एकमेकांस कागद देण्याघेण्यास मात्र आता काहीच अडचण नाही. म्हणून हा अर्ज शाई ओली असतानाच पाठवीत आहे.

१२. मिरची उचलली गेल्याने आता जागा रिकामी आहे. उदेसिंगने चोपली होती तशीच ती अजून सपाट आहे, फक्त मधोमध ऐंशी माणसांच्या पायांचा लाल पट्टा उमटला आहे. तो झाडूनही जात नाही. अर्जदाराची विनंती आहे की रस्ता पूर्ण असल्याची नोंद रद्द करू नये. ती रद्द झाल्यास धनुबाई कोणत्या रस्त्याने गेली हा प्रश्न उद्भवेल, आणि अर्जदारास तिला रस्त्यानेच पाठविल्याचे समाधान राहणार नाही.

१३. आता एकच मागणे. सोमवार ता. १४ रोजी दहावा आहे. सकाळी सूर्य उगवल्यावर मंडळी अर्जदाराच्या दारातून तापीवर जातील. पिंड ठेवल्यावर कावळा शिवला पाहिजे. धनुबाईचा स्वभाव पाहता तो सहज शिवणार नाही. अशा वेळी घरच्या माणसाने पुढे होऊन मेलेल्याची राहिलेली इच्छा मोठ्याने बोलावी आणि ती पुरी करण्याचा शब्द द्यावा, अशी आमच्याकडे रीत आहे. तिची इच्छा कलम २ मध्ये लिहिली आहे : दारापाशी गाडी उभी राहील असा रस्ता. तो शब्द अर्जदाराने सात वेळा दिलेला आहे. आठव्यांदा दिला तर कावळा उडून जाईल. शब्द देण्यासारखे माणूस एकच, आणि ते आता सुतकामुळे घरचे झाले आहे. सबब हुजुरांनी त्या दिवशी सकाळी अर्जदाराच्या दारी यावे, मंडळीबरोबर नदीवर चालावे आणि पिंडासमोर उभे राहून 'रस्ता करतो' असे दोन शब्द तोंडाने म्हणावे. लेखी चालणार नाही. कावळ्यास वाचता येत नाही. या बाबतीत तो अर्जदाराहून सुदैवी आहे. शब्द खरा असल्यास कावळा लगेच येईल. नसल्यास मंडळी संध्याकाळपर्यंत बसतील. हुजुरांनी त्या बेताने दुसरे काम ठेवू नये.

उदेसिंगला अर्जदाराने थांबवून घेतले आहे. तो म्हणतो की शब्द निघाला तर तो नदीवरूनच थेट मुरमाच्या खाणीवर जाईल. हुजूर हसले त्या दिवशी तो न नेताच परतला ती त्याची टिकाव-पावडी अजून मोरीपाशी पडून आहे.

१४. येताना हुजुरांनी मोटार मोरीपाशीच ठेवावी व तेथून अनवाणी यावे. जमीन लाल दिसेल, ती पायांस झोंबेल, शिंका येतील, मान खाली जाईल. ती या खेपेस कोणी लिहून घेणार नाही. मोटार दारापर्यंत आणता आली असती तर अर्जदाराने हा अर्ज केलाच नसता.

आपला नम्र, व सोमवारपर्यंत आपला सुतकातील सोबती,

(सही) हिलाल दोधू बागूल
प्लॉट नंबर ११, कोरटखेडे
ता. १० फेब्रुवारी १९३८

सोबत :
सात अर्जांच्या नकला.
संदर्भ (अ) व (ब) यांच्या नकला. असल कागद पिंडासमोर ठेवण्यासाठी राखून ठेवले आहेत.
लाह्या चार, पोत्याच्या तळाशी सुंदरबाईंना सापडलेल्या. आणखी होत्या, त्या वाटल्या गेल्या.
मिरच्या तीन, त्याच पोत्यातील. पुढील हुकूम काढताना उपयोगी पडतील म्हणून जोडल्या आहेत. आता वाळल्या आहेत.